अमेरिकेतली मतमोजणी एका रात्रीत का संपत नाही? किंग काउंटीचे एकवीस दिवस

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘असं बघा’ बरेचसे गाळलेत, काही राहिलेत.)

आजचा भाग खरं तर मागच्याच महिन्यात करायचा होता, पण माझं घर त्या विषयात इतकं गुंतलं होतं की बोलायला बसलो असतो तर नुसती चिडचिडच रेकॉर्ड झाली असती. आता डोकं शांत आहे.

झालं असं. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. मूळची सातारची. आमच्याकडे सिएटलजवळ बारा वर्षं राहते, आणि गेल्या वर्षी ती अमेरिकेची नागरिक झाली. नोव्हेंबर २०२४ हे तिचं इथलं पहिलं मतदान. मतपत्रिका घरी टपालाने आली. आई तीन दिवस टेबलावर ती पसरून बसली होती. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर, न्यायाधीश, वर चार जनमत प्रस्ताव. तिने मला प्रत्येक प्रस्तावाचा अर्थ विचारला आणि मत मात्र सांगितलं नाही. पाकीट बंद केलं, मागे सही केली, आणि आम्ही दोघं चालत जाऊन ते लायब्ररीबाहेरच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकून आलो. तिने पेटीला नमस्कारसुद्धा केला, आता तुम्ही हसा.

आठ दिवसांनी पत्र आलं. पाकिटावरची सही आमच्याकडच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, सोबतचा फॉर्म भरून पाठवा, नाहीतर मत मोजता येणार नाही.

आईचा पहिला प्रश्न असा होता, “अरे, माझी सही खोटी आहे हे त्यांना कुणी सांगितलं? मला विचारलं का कुणी?”

मी म्हटलं, “आई, तेच तर विचारताहेत.” पण खरं सांगतो, मलाही राग आला होता. आणि मग एक गोष्ट लक्षात आली की मी इथे अठरा वर्षं राहतोय, दर निवडणुकीत पाकीट टाकतोय, आणि त्या पाकिटाचं पुढे काय होतं याची मला काडीची माहिती नाही. म्हणून शोधायला लागलो. आजचा भाग त्यातूनच आलाय.

आधी एक गोष्ट पक्की करू. आपल्याकडे निवडणूक आयोग म्हटला की एक मोठी संस्था डोळ्यासमोर येते, दिल्लीपासून तहसीलपर्यंत एकाच साखळीत. अमेरिकेत मतमोजणी करणारी अशी एक देशव्यापी संस्था नाही. राष्ट्राध्यक्षाचं मतदानसुद्धा स्थानिक पातळीवर मोजलं जातं. बहुतेक राज्यांत ते काम काउंटीचं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी समजा. वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे राजधानी वॉशिंग्टन नव्हे, हे वायव्य कोपऱ्यातलं राज्य, अशा ३९ काउंट्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी किंग काउंटी. सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड सगळं तिच्यात येतं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या निमित्ताने आलेली आपली बहुतेक मंडळीही. जाता जाता, ही काउंटी आधी विल्यम रुफस किंग या गुलाम बाळगणाऱ्या उपराष्ट्राध्यक्षाच्या नावाने होती. नंतर लोकांनी ठरवलं की नाव तेच ठेवायचं, फक्त किंग बदलायचा, आणि ती मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची झाली. पाट्याही बदलाव्या लागल्या नाहीत. मला हे फार आवडतं.

तर या राज्यात सगळं मतदान टपालाने. मतदानाच्या किमान १८ दिवस आधी मतपत्रिका घरी रवाना होतात. तुम्ही ती टपालाने परत पाठवू शकता, तिकीट लावावं लागत नाही, किंवा मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत ड्रॉप बॉक्समध्ये टाकू शकता. टपालाने पाठवली तर पाकिटावर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा. इथे एक सूचना देतो, कारण मंडळातल्या दोघातिघांची यात फसगत झाली आहे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पत्रपेटीत पाकीट टाकलं म्हणजे शिक्का त्याच दिवसाचा बसेल असं नाही. शेवटचे दिवस असतील तर सरळ ड्रॉप बॉक्स गाठा.

आता पाकीट रेंटन गावातल्या निवडणूक कार्यालयात पोचतं. तिथे मी स्वतः जाऊन आलो. कुणीही जाऊ शकतं. आत मोजणीच्या जागेभोवती फिरायला मार्गिका आहे आणि काचेतून सगळं दिसतं. कॅमेरेही आहेत, घरबसल्या पाहता येतं, पण खरं सांगायचं तर ते बघण्यात झोप लागेल इतकं संथ काम असतं. आणि ते तसंच असायला हवं.

पहिला टप्पा सहीचा. इथे अजून पाकीट उघडलेलंच नाही हे लक्षात घ्या. यंत्र पाकिटं गावं-वॉर्डाप्रमाणे लावतं आणि मागच्या सहीचा फोटो घेतं. मग माणूस, यंत्र नव्हे, पडद्यावर दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून बघतो. एक पाकिटावरची, दुसरी तुमच्या नोंदीतली, जी बऱ्याचदा ड्रायव्हिंग लायसन्स काढताना केलेली असते. या लोकांना राज्याच्या पोलीस दलाकडून सही ओळखण्याचं प्रशिक्षण मिळतं. पहिल्याला शंका आली तर दुसरा बघतो. दोघांनाही पटलं नाही तर मतदाराला पत्र जातं, वेळ कमी असेल तर फोनही येतो. आणि तरीही मत बाद करण्याचा अधिकार या दोघांना नाही. तो एका मंडळाला आहे, त्याच्याकडे येतोच.

आता आईचं काय झालं ते कळलं. आईने लायसन्सच्या वेळी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, इंग्रजीत सही केली होती, एक एक अक्षर जोडून, पहिलीतल्या मुलासारखी. आणि मतपत्रिकेवर, पहिलं मतदान म्हणून असेल किंवा नमस्काराच्याच भरात असेल, तिने आयुष्यभर बँकेच्या पासबुकावर केली ती सही केली. मराठीत. वळणदार, खाली दोन टिंबं. कुठल्या माणसाने त्या दोन सह्या एकाच बाईच्या म्हटल्या असत्या? मीही नसत्या म्हटल्या.

पण विषय इथे संपत नाही. राज्याच्या ऑडिटर कार्यालयाने २०२० च्या निवडणुकीतल्या बाद मतपत्रिका तपासल्या आणि २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यात असं दिसलं की कृष्णवर्णीय मतदारांच्या मतपत्रिका गोऱ्या मतदारांच्या चौपट प्रमाणात बाद झाल्या होत्या. तरुणांच्याही जास्त, आशियाई वंशाच्या लोकांच्याही जास्त. तपासणाऱ्यांनी मुद्दाम भेदभाव केल्याचा पुरावा अहवालात निघाला नाही. तरी आकडा तिथे आहे. माझा अंदाज सांगतो, आणि तो अंदाजच आहे: ज्याची सही घडलेली नाही, किंवा जो दोन लिप्यांत जगतो, त्याचं पाकीट अडकतं. अठरा वर्षांच्या पोराला हल्ली सही करायची वेळ येतेच कुठे?

बरं, सही जुळली. मग पाकीट उघडतं. मतपत्रिका आणि सही असलेलं पाकीट इथे कायमचं वेगळं होतं, त्यामुळे यापुढे कुणाचं मत कुणाला हे कुणालाच कळत नाही. मतपत्रिका सरळ करतात, फाटलेल्या किंवा चहा सांडलेल्या बाजूला काढतात, आणि गठ्ठे करून स्कॅनरला देतात. प्रत्येक गठ्ठ्याचा हिशेब असतो. मोजणारी यंत्रं इंटरनेटला जोडलेली नसतात. आणि मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आधी निकालाचा आकडा काढायला कायद्याने बंदी आहे.

कुणी गोल भरण्याऐवजी गोलाभोवती गोल काढतो, कुणी फुली मारतो, कुणी आधी एकाला भरून मग खोडून शेजारी लिहितो, “हा नाही, तो”. अशी प्रत्येक मतपत्रिका माणसं बघतात. राज्याने यासाठी चित्रांसकट पुस्तिकाच काढली आहे, कुठली खूण मत धरायची आणि कुठली नाही. मूळ विचार असा की मतदाराला काय म्हणायचं होतं ते कळत असेल तर ते मोजायचं. आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की मोजणीच्या टेबलावर काय रणकंदन व्हायचं, ते माझ्या काकांकडून ऐकलंय. ते शिक्षक होते, दर निवडणुकीत ड्युटी ठरलेली.

रात्री आठ वाजून पंधरा मिनिटांनी पहिला आकडा येतो. टीव्हीवाले त्याला निकाल म्हणतात. तो निकाल नसतो. त्या आकड्यात फक्त लवकर आलेली पाकिटं असतात. ड्रॉप बॉक्समधली शेवटच्या दिवसाची पाकिटं अजून सहीच्या रांगेत, टपालातली तर वाटेतच. मग रोज दुपारी नवा आकडा.

आणि इथे आपल्या ओळखीचं एक नाव येतं. क्षमा सावंत. पुण्यात जन्म, मुंबईत वाढल्या, सिएटलच्या नगर परिषदेवर २०१३ मध्ये निवडून आल्या. त्या रात्री त्या मागे होत्या. मग रोज थोडं थोडं अंतर कमी होत गेलं आणि काही दिवसांनी समोरच्या उमेदवाराने हार मान्य केली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांना परत बोलवावं का यावर मतदान झालं, तेव्हा पहिल्या रात्री ‘परत बोलवा’ची बाजू ५३ टक्क्यांच्या आसपास होती. शेवटी त्या जेमतेम तीनशेच्या आसपास मतांनी टिकल्या. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, पहिल्या रात्री पेढे वाटायचे नाहीत एवढं सिएटलकर त्यांच्यामुळे शिकले. उशिरा पाकीट टाकणारे इथे बहुतेक तरुण असतात आणि ते डावीकडे झुकलेले असतात, साधं कारण आहे. पण ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं रात्रीतून काहीतरी घडवलं.

आता मूळ प्रश्न. एकवीस दिवस कशाला?

सार्वत्रिक निवडणुकीनंतर २१ व्या दिवशी काउंटी निकाल प्रमाणित करते. २०२४ मध्ये मतदान ५ नोव्हेंबरला होतं, प्रमाणपत्र २६ नोव्हेंबरला. मधल्या दिवसांत परदेशातून आणि सैन्यातून पाकिटं येत राहतात. आईसारख्यांच्या सह्यांचे फॉर्म येतात, त्यांची मुदत प्रमाणपत्राच्या आदल्या दिवसापर्यंत असते. काही गठ्ठे हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. आणि ताळेबंद. किती पाकिटं आली, किती मोजली, किती बाद केली, किती का थांबली. बँकेत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. रोकड संध्याकाळी जुळल्याशिवाय शाखा बंद होत नाही, तसंच.

हे सगळं तीन जणांच्या कॅनव्हासिंग बोर्डासमोर येतं. निवडणूक संचालक, काउंटीचा सरकारी वकील आणि काउंटी परिषदेचा अध्यक्ष, किंवा त्यांनी नेमलेली माणसं. बैठक जाहीर असते. शंकास्पद मतपत्रिका त्यांच्यापुढे येतात, बाद करायची की मोजायची ते तेच ठरवतात, आणि शेवटी सह्या करतात. म्हणजे गंमत बघा, मतदाराची सही तपासून सुरू झालेलं काम या तिघांच्या सहीने संपतं. मग ३९ काउंट्यांचे आकडे सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जातात (हे परराष्ट्रमंत्री नव्हेत, राज्यातलं निवडणूक सांभाळणारं पद) आणि ३० दिवसांच्या आत राज्याचा निकाल प्रमाणित होतो.

भारतात निवडणूक निर्णय अधिकारी मोजणी संपली की विजयी उमेदवाराच्या हातात प्रमाणपत्र देतो, गुलाल तयारच असतो. जून २०२४ मध्ये मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले आणि ते प्रकरण पुढे हायकोर्टात गेलं, हे तुम्हाला आठवत असेल. बरोबर दोन महिन्यांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, इथे राज्याच्या सार्वजनिक जमिनींच्या आयुक्तपदाची प्राथमिक फेरी झाली. दुसऱ्या क्रमांकासाठी दोन उमेदवारांत ५१ मतांचा फरक, एकूण मतं एकोणीस लाखांच्या घरात. सगळ्या राज्यात हाताने फेरमोजणी झाली. फरक किती निघाला? ४९. एकोणीस लाख कागद हाताने मोजून फक्त दोन मतं इकडची तिकडे. मला ही बातमी कळली तेव्हा मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो, आणि कुणालाही त्यात रस नव्हता.

पण ही यंत्रणा कायम इतकी नेटकी होती असं समजू नका. २००४ ची गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही.

त्या वर्षी गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन डिनो रॉसी आणि डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेग्वार. अठ्ठावीस लाखांच्या आसपास मतं. पहिल्या मोजणीत रॉसी २६१ मतांनी पुढे. कायद्याप्रमाणे यंत्राने फेरमोजणी झाली, रॉसी ४२ मतांनी पुढे. तिसरी, हाताने मोजणी हवी असेल तर मागणाऱ्याने पैसे भरायचे. डेमोक्रॅटिक पक्षाने सात लाख डॉलरहून जास्त रक्कम जमा करून ती मागितली.

ती चालू असताना किंग काउंटी परिषदेचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स आपल्या भागातल्या बाद मतपत्रिकांची यादी चाळत होते. कुणाकुणाचं मत बाद झालंय बघू, म्हणून. त्या यादीत त्यांना एक नाव दिसलं. स्वतःचं.

चौकशी झाली. त्यांच्या सहीत काही चूक नव्हती. संगणकात त्यांच्या सहीचं चित्रच सापडलं नव्हतं, आणि अशा वेळी मूळ कागदी नोंद काढून बघायची, ते न करता पाकीट बाद केलं गेलं होतं. अशी आणखी पाकिटं शोधली तर ती पाचशे सत्तरहून जास्त निघाली, मग अजून काही. आता ही मोजायची का? रिपब्लिकन म्हणाले, फेरमोजणी म्हणजे आधी मोजलेलंच पुन्हा मोजणं, नवीन मतं आणायची नाहीत. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २२ डिसेंबरला न्यायालय म्हणालं, चुकीने बाद झालेली मतं बोर्डाला तपासता येतील. शेवटी ग्रेग्वार १२९ मतांनी पुढे. आणि त्यांच्या नावाचा निकाल प्रमाणित केला तो सेक्रेटरी ऑफ स्टेट सॅम रीड यांनी. ते रिपब्लिकन होते. त्यांच्या पक्षाच्या लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल त्याची कल्पना करा.

खटला पुढे चालला. जून २००५ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की हजारहून जास्त बेकायदा मतं पडली हे खरं, पण ती कुणाला पडली याचा पुरावा नाही. चार मतांचा पुरावा होता, ती रॉसींची निघाली. फरक १३३ झाला. रॉसींनी पुढे अपील केलं नाही.

मला त्या काळात कुणाची बाजू बरोबर होती यात आज रस नाही. मला त्या पाचशे सत्तर लोकांमध्ये रस आहे. फिलिप्स अध्यक्ष होते म्हणून यादी त्यांच्या हातात आली. बाकीच्यांना आपलं मत मोजलं गेलं नाही हे कळलंही नसतं. आज आईला घरी पत्र येतं, वेबसाइटवर पाकीट कुठे पोचलं ते दिसतं. ज्या पत्रावर मी चिडलो होतो, तसं पत्र त्या लोकांना हवं होतं.

प्रमाणपत्राबद्दल एक शेवटचं. २०२० पर्यंत कुणी या सह्यांकडे लक्ष देत नव्हतं. मग मिशिगनमधल्या वेन काउंटीत, म्हणजे डेट्रॉइटमध्ये, जिथून आता आपले बेळगावचे श्री ठाणेदार काँग्रेसवर आहेत, बोर्ड दोन विरुद्ध दोन असं अडलं आणि त्याच रात्री पुन्हा मत घेऊन निकाल प्रमाणित झाला. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ओटेरो आणि अ‍ॅरिझोनातल्या कोचीस काउंटीने सही करायला नकार दिला, न्यायालयांनी त्यांना करायला लावली. सही करणाऱ्याला निकाल आवडलाच पाहिजे असा नियम नाही. त्याने आकडे जुळले का एवढंच बघायचं. आणि हे काम करणारे काही साहेबलोक नसतात. पाकिटं उघडणारे बरेचसे हंगामी कामगार, निवृत्त शिक्षिका वगैरे. २०२३ मध्ये रेंटनच्या याच कार्यालयात पांढरी पूड भरलेलं पाकीट आलं, त्यात फेंटानिलचा अंश निघाला, इमारत रिकामी करावी लागली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये क्लार्क काउंटीतल्या व्हँकुव्हरमध्ये, कॅनडातलं नव्हे, ड्रॉप बॉक्सला आग लावली, शेकडो मतपत्रिका जळाल्या. मतदारांना शोधून नव्या द्याव्या लागल्या.

हं, आईचा फॉर्म.

फॉर्मवर करायची सही पाकिटावरच्या सहीशी जुळायला हवी, आणि पुढे नोंदीत तीच लागते. मी म्हटलं, “आई, एकदा ठरव, इंग्रजी की मराठी.” तिने विचारलं, “मराठी चालते?” मी म्हटलं, चालते, सही कुठल्या लिपीत करायची असा नियम नाही. तर म्हणाली, “मग आधीच का नाही सांगितलंस? बारा वर्षं मी ती उलटी अक्षरं गिरवतेय.”

तिने मराठीत सही केली. खाली दोन टिंबं. फॉर्म १५ नोव्हेंबरला पाठवला. २० तारखेला वेबसाइटवर तिच्या नावापुढे दिसलं की सही मान्य, मतपत्रिका मोजणीला गेली. तिला फोनवर ते पान दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, ह्याची झेरॉक्स काढून ठेव.

तुमच्या घरी कुणाचं पत्र आलं असेल, विशेषतः आईवडिलांचं, तर आम्हाला कळवा. पुढच्या भागात मालमत्ता कर. तोवर नमस्कार.